अहो, काकूंनी भिंतीला अंगठा लावला!

अहो, ऐकलंत का? निळ्या दारवाल्या काका-काकूंनी घेतली हो शेवटी! काय म्हणजे काय, आरव्ही! मोटरहोम! आणि नवी नाही बरं का, जुनी. सेकंडहँडसुद्धा नाही, चांगली थर्डहँड. या ना जरा अलीकडे, पण त्या फळीला टेकू नका, ती हलते. आणि हळू बोला. डेंटिस्टबाई आत्ताच कामावरून आल्यात, त्यांच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत आख्ख्या एडिसनला कळेल. मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला म्हणून सांगते.

आता काकांचं वेड काही आजचं नव्हे, ते तुम्हाला माहितीच आहे. सत्तरच्या दशकात इकडे शिकायला आले तेव्हापासूनचं. त्या जीएमसीच्या मोटरहोम असायच्या ना तेव्हा, बुटक्या, सव्वीस फुटी, ओल्ड्समोबिलचं इंजिन आणि पुढची चाकं गाडी ओढणार... काका म्हणतात, 'खिशात बसचे पैसे नसायचे, पण ती दिसली की मी रस्त्याच्या कडेला उभाच राहायचो.' १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं बनवल्या त्या. तर रिटायर झाल्यावर स्वारी थेट तीच शोधायला निघाली. काकू म्हणाल्या, 'पन्नास वर्षांची झाली ती आता. तुमच्या गुडघ्याचे पार्ट मिळेनात, तिचे कुठून आणणार?' काका जे गप्प झाले, ते पोळी संपेपर्यंत.

पण वेळ बरी आहे हो घ्यायला, हे मात्र खरं. कोविडात काय झालं होतं आठवतंय ना? विमान नको, हॉटेल नको, जो तो आरव्ही घेत सुटला. २०२१ ला एका वर्षात सहा लाख गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. २०२३ ला आकडा आला तीन लाखांच्या थोडा वर. म्हणजे निम्म्यावर! आणि तेव्हा हौसेने घेतलेल्यांना आता ती दारात नकोशी झाली. 'म्हणून भाव पडलेत,' काका म्हणाले. 'म्हणून सगळ्यांचा पश्चात्ताप आपण विकत घ्यायचा?' काकू म्हणाल्या. काय बोलतात हो! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण पाहुणी होते.

मग आमच्या हॉलमध्ये काकांनी दीड तास क्लास घेतला. क्लास ए म्हणजे बसच्या तोंडाची, मोठी. क्लास बी म्हणजे व्हॅनच, आतून सजवलेली. आणि क्लास सी म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. मग इंडियानातलं एल्कहार्ट, तिथे बहुतेक आरव्हीचे कारखाने. मग विनेबेगो, आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत १९५८ ला सुरू झालेली, १९६६ पासून मोटरहोम करणारी... आमचे हे मान डोलावत होते. काकांना वाटलं केवढा रस आहे. अहो, डुलकी लागली होती!

तर काय सांगत होते... हां, पहिली गाडी. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या बाजूला. मी होते ना बरोबर! काकू म्हणाल्या, 'तुम्ही चला, मला कुणीतरी शहाणं माणूस हवं.' काका, काकू, जावई, मी आणि थर्मासभर चहा. गाडी २००३ ची, क्लास सी, फोर्डच्या ई-४५० वर बांधलेली, व्ही टेन इंजिन. काय सांगू, बाहेरून अशी चकचकीत! आत नवे पडदे, नव्या उशा, टेबलावर सूर्यफुलं आणि व्हॅनिलाची मेणबत्ती पेटवून ठेवलेली. भर दुपारी. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

विकणारा गोड बोलणारा. म्हणाला, 'फक्त एकतीस हजार मैल!' काकांचा चेहरा असा फुलला, वाटलं आत्ताच चेकबुक काढतात. पण जावई शांत माणूस, तो खाली बसला आणि टायर वाचायला लागला. टायर वाचतात का कुणी? तर वाचतात म्हणे. डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं २३१२. म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. विकणारा म्हणाला, 'अहो, नक्षी बघा, नवीकोरी आहे!' जावई हसून म्हणाला, 'आमच्या मुलापेक्षा हा टायर मोठा आहे.' या गाड्यांचे टायर झिजून जातच नाहीत म्हणे, उभ्याउभ्या म्हातारे होतात. बाजूला बारीक चिरा पडतात आणि मग हायवेवर फाटतात. सहासात वर्षांत बदलायचे, नक्षी कितीही छान असो. आणि मागे दुहेरी चाकं, म्हणजे सहा टायर. करा हिशोब!

आणि ते एकतीस हजार मैल? तीच तर गंमत. वीस वर्षांत एवढीच चालली, म्हणजे बाकीचा वेळ उभीच होती. उभ्या गाडीत रबराचे सील वाळतात, पेट्रोलचा डिंक होतो, उंदीर संसार थाटतात. जनरेटरवर तास मोजायचं मीटर असतं, ते पाहिलं तर साठ तास. वीस वर्षांत! तो महिन्यातून एकदा तास-दोन तास, एसी लावून चालवायचा असतो. सुरू केला तर खोकला, थांबला, परत खोकला. विकणारा म्हणाला, 'थंडीमुळे.' मे महिना होता हो.

तरी काका म्हणतात, 'किरकोळ आहे हे.' आणि तेवढ्यात... थांबा, खरं इथेच आहे. काकू गेल्या पुढे, त्या ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाकडे. चपला काढल्या, शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या, डोकं आत घातलं आणि नाक वर केलं. म्हणाल्या, 'अहो, कुबट येतंय.' काका म्हणाले, 'व्हॅनिला आहे तो.' काकू म्हणाल्या, 'व्हॅनिलाच्या मागे बघा.' रत्नागिरीकडचं माहेर त्यांचं, चार महिने पावसात ओल ओळखण्यात बालपण गेलं. त्यांना काय मेणबत्ती फसवणार? उशी उचलली, कोपऱ्यातल्या भिंतीला अंगठा लावला आणि जरा दाबला. आणि अंगठा गेला की हो आत! चहात बुडवलेल्या खारीसारखा!

काय शांतता पसरली म्हणून सांगू. विकणाऱ्याची बायको बाहेर कुकीजची बशी घेऊन उभी होती, ती तशीच उभी. काकांचा चेहरा तर... मला खरंच वाईट वाटलं, नाही असं नाही. विकणारा म्हणाला, 'इट्स जस्ट कॉस्मेटिक.' काकू खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'कॉस्मेटिक इज लिपस्टिक. धिस इज लाकूड.' अगदी अशाच! जावयाने खोकल्याचं निमित्त केलं आणि बाहेर गेला हसायला.

मग जावयाने परत येताना गाडीत सगळं उलगडून सांगितलं. या गाड्यांच्या छतावर बहुतेक रबराचं आवरण असतं, आणि व्हेंट, एसी, अँटेना, जिथे जिथे भोक तिथे सीलंट भरलेलं. ते उन्हाने तडकतं. वर्षातून एकदोनदा वर चढून बघायचं आणि लागेल तिथे पुन्हा भरायचं, एवढंच काम. पण कोण चढतंय? पाणी थेंबथेंब आत जातं, पुढच्या त्या डोक्यावरच्या भागाच्या कोपऱ्यांत साठतं. भिंतीत पातळ प्लाय असतं, ते फुगतं. बाहेरचं फायबरग्लास प्लायपासून सुटतं आणि त्यावर फुगे येतात. भिंतीला डोळा लावून, उजेडाकडे तोंड करून तिरकं बघितलं की दिसतात. आतून दिसायला लागेपर्यंत सांगाडा कुजलेला असतो. इंजिन बदलता येतं, टायर बदलता येतात, पण कुजलेली चौकट बदलायची म्हणजे गाडीच नव्याने बांधायची. काका मागच्या सीटवर खिडकीतून बाहेर बघत होते. चहासुद्धा नको म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, संपलं असेल वेड. छे! दोनच आठवड्यांत दुसरी सापडली. पोकोनोजच्या बाजूला. पण आता काकूंनी अटी घातल्या. पहिली अट, गाडी थंड असतानाच इंजिन सुरू करायचं. आपण पोचण्याआधी गरम करून ठेवलेलं चालणार नाही. दुसरी, फ्रीज आदल्या दिवशीच सुरू करून ठेवायला सांगायचा, कारण तो गॅसवरचा फ्रीज गार व्हायलाच कित्येक तास घेतो आणि लबाड माणूस म्हणतो, 'चालतो हो, आत्ताच लावलाय.' आणि तिसरी, पैसे देण्याआधी तपासनीस आणायचा. आपला, विकणाऱ्याचा नाही!

असतात हो असे, आरव्हीच तपासणारे. त्यांची राष्ट्रीय संघटना आहे, एनआरव्हीआयए म्हणून, ती परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते. असा तपासनीस हजाराच्या आसपास घेतो. काका म्हणाले, 'हजार डॉलर नुसते बघायचे?' काकू म्हणाल्या, 'मागच्या वेळी मी फुकट बघितलं, तेव्हा तुम्ही माझ्यावरच रुसलात.' आणला मग!

दुसरा विकणारा स्कूल बस चालवून रिटायर झालेला. त्याच्या गाडीला ना मेणबत्ती, ना सूर्यफुलं. गाडी २००६ ची, मैल बासष्ट हजार, म्हणजे पहिलीच्या दुप्पट. काका हिरमुसले. पण त्याने एक जाडजूड फाइल काढली. तेल कधी बदललं, छताचं सीलंट कधी भरलं, सगळ्या पावत्या. स्वतः शिडी लावली आणि म्हणाला, 'चढा वर, बघा.' काकू माझ्या कानात म्हणाल्या, 'हा खरा.' 

तपासनीस बाई होत्या, बरं का! ओल मोजायचं यंत्र घेऊन भिंतींचा इंच न् इंच फिरल्या. गॅसच्या लाइनची गळती तपासली, इंजिन आणि जनरेटरच्या तेलाचे नमुने लॅबला पाठवायला काढले. फ्रीजमागे वाकून अमोनियाचा वास येतो का ते हुंगलं. तो फ्रीज अमोनियावर चालतो, म्हणून गाडी सपाट जागी लावावी लागते. तिरकी ठेवून चालवला की बिघडतो, आणि तो बदलायचा म्हणजे हजारांत जातं. काकूंनी विचारलं, 'यात दही लागेल का?' त्या बाईंना काही कळेना, मी म्हटलं, 'लागेल हो, आधी गाडी तर लागू द्या दाराला!'

आणि कागदपत्रं! ते बाकी जावयाने केलं. व्हीआयएन नंबर टाकून रिकॉल बघितले सरकारच्या एनएचटीएसएच्या साइटवर. विमा कंपन्यांच्या एनआयसीबीच्या साइटवर चोरीची किंवा निकालात काढलेली आहे का तेही फुकट कळतं. २०२१ ला आयडा वादळ आलं तेव्हा आपल्याकडे काय हाहाकार झाला, विसरलात का? त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या सगळ्या काय भंगारात गेल्या? धुऊनपुसून कुठे कुठे पोचतात त्या. टायटल स्वच्छ निघालं. पेनसिल्व्हेनियाचं टायटल, म्हणजे विकणाऱ्याची सही नोटरीसमोरच लागते. काका म्हणत होते, 'ओळखीचाच झालाय आता, घरीच करू सही.' जावयाने नुसतं बघितलं त्यांच्याकडे. वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. तो काकांनी हिशोबात धरलाच नव्हता! चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

तर काय सांगत होते... हां, भाव. तपासनीस बाईंनी भलीमोठी यादी दिली. गॅसचा डिटेक्टर मुदत संपलेला, ते पाचसात वर्षांत बदलायचेच असतात. घरगुती बॅटऱ्या मेलेल्या. टायर सात वर्षांचे. पण भिंती कोरड्या, छत कोरडं! काकूंनी ती यादी हातात घेतली आणि विकणाऱ्यासमोर एकेक ओळ मोठ्याने वाचली, मंडईत भाजीचा भाव पाडतात तशा नाही हं, अगदी प्रेमाने. चोवीस हजार मागत होता, साडेएकोणीसला दिली. वर शिडी फुकट! काका म्हणतात, 'मी निगोशिएट केलं.' करू दे बापडे.

घरी आणली त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं, सगळं साग्रसंगीत. आणि तेव्हाच तो प्रश्न विचारला, जो इतके दिवस कुणी काढला नव्हता. 'ती काळी टाकी कोण रिकामी करणार?' समजलात ना कुठली? अंघोळीचं, भांड्यांचं पाणी करड्या टाकीत, आणि बाकीचं... काळ्या. डंप स्टेशनवर जाऊन नळी जोडायची, आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे मागचं पाणी नळी धुऊन टाकतं. काका जावयाकडे बघायला लागले. जावई म्हणाला, 'मला फोन आलाय.' फोन कुठला यायला, खिशातच होता! हातमोजे काकांच्याच नावावर आलेत.

शिवाय काका आता रोज नवा प्लॅन करतात. बासष्टच्या वर वय, म्हणून नॅशनल पार्कचा आयुष्यभराचा सीनियर पास काढून ठेवलाय. तो पूर्वी दहा डॉलरला होता हो, २०१७ ला ऐंशी केला. मुलीकडे व्हर्जिनियाला न्यायची म्हणतात. पण बाल्टिमोरच्या बोगद्यांतून गॅसची टाकी असलेली गाडी नेता येत नाही. आणि ज्याच्यावरून अशा गाड्या जायच्या, तो की ब्रिज २०२४ च्या मार्चमध्ये जहाज आदळून पडला. म्हणजे शहराला पश्चिमेने वळसा. भाच्याला दाखवायला कनेक्टिकटला न्यायची तर मेरिट पार्कवेवर आठ फुटांपेक्षा उंच गाडी चालत नाही, आणि ही अकरा फुटी. साध्या जीपीएसवर विसंबून जाणाऱ्यांनी तिकडच्या बुटक्या पुलांना किती छतं अर्पण केलीत, कुणाला ठाऊक नाही? आणि काकू काय काय भरतायत म्हणून सांगू! बिडाचा तवा, दोन कुकर, पुरणयंत्र. जावयाने सांगितलं, आत स्टिकर आहे, किती वजन चालतं त्याचा. नुसती चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली तरी तीनशेवर पौंड होतात. काकू म्हणाल्या, 'मग पाणी कमी भरा, पुरणयंत्र येणार.'

आणि आता खरी बातमी. या इकडे. एचओएचं, म्हणजे आपल्या सोसायटीचं, पत्र आलं! चौथ्या दिवशी! 'ड्राइव्हवेमध्ये आरव्ही उभी करण्यास मनाई.' अहो, नियमांत आहेच ते, घर घेताना सगळ्यांनी सही केलीय त्याच्यावर, वाचलंय कुणी? पण चौथ्याच दिवशी त्यांना कळलं कसं? मी काही म्हणत नाही. फक्त एवढंच सांगते की, गाडी आली त्या संध्याकाळी कुणीतरी खिडकीतून फोटो काढत होतं, आणि त्या खिडकीला जांभळे पडदे आहेत. मी नाव घेतलं का? नाही घेतलं.

काकू पत्र घेऊन आल्या माझ्याकडे. वाटलं आता रडणार. तर म्हणाल्या, 'बरं झालं, रोज खिडकीतून तिचं तोंड बघायला नको.' आता स्टोरेजच्या यार्डात ठेवलीय, महिन्याचं भाडं भरून. ते भाडं, विमा, टायर, हिवाळ्याआधी पाइपांत घालायचं ते गुलाबी अँटिफ्रीझ... काकांनी गाडीची किंमत बघितली होती, पुढची कोणीच बघितली नव्हती. आणि काही खासगी कॅम्पग्राउंडवाले दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आतच घेत नाहीत. फोटो पाठवा म्हणतात आधी! काकांनी पाठवला, स्वतः पुढे उभं राहून. उत्तर आलं, 'वेलकम.' तेव्हापासून जो भेटेल त्याला तो ईमेल दाखवतायत.

पण मी म्हणते, खूश आहेत हो दोघं. त्या पहिल्या गाडीत पैसे घालून बसले असते ना, तर आज घरात कुणी कुणाशी बोललं नसतं. आता आमच्या ह्यांनाही खाज सुटलीय, रात्री टॅबवर लपूनछपून जुन्या आरव्ही बघत असतात. मी काही नाही म्हणणार नाही. पण माझं एकच म्हणणं आहे आणि तुम्हालाही तेच सांगते. कुणी जुनी मोटरहोम दाखवली तर मैल ऐकू नका, पडद्यांना भुलू नका. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, चपला काढा, वर चढा आणि कोपरे दाबा. अंगठा आत गेला तर कुकीज खा, आभार माना आणि घरी या. नाही गेला, तरी तपासनिसाचे हजार डॉलर आधी, गाडीचे नंतर. आणि हे मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नका हं!